खेळांना मुक्त अंगण हवे

घरातील संगणक एकाच कंपनीच्या प्रणालीशी बांधलेला राहण्यामागे खेळ हे एक मोठे कारण आहे. ही गाठ सैल करण्यात खेळणाऱ्यांचे जेवढे हित आहे, तेवढेच खेळ तयार करणाऱ्यांचेही आहे. गेल्या तीन दशकांचा अनुभव हेच सांगतो.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०' या ऑपरेटिंग सिस्टीमचा नियमित आधार थांबविला. जगभरातील कोट्यवधी संगणकांवर असलेली ही प्रणाली त्या दिवशी बंद पडली नाही. मात्र तिच्यातील सुरक्षेच्या त्रुटी दुरुस्त करून देण्याची नेहमीची व्यवस्था संपली. घरगुती वापरकर्त्यांना एका वर्षाची तात्पुरती मुदतवाढ घेण्याची सोय ठेवण्यात आली, एवढेच. त्याऐवजी 'विंडोज ११' घालावी, तर तिच्यासाठी संगणकात 'टीपीएम २.०' ही सुरक्षा-सुविधा आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर असावा लागतो. परिणामी, व्यवस्थित चालणारे असंख्य संगणक एका तारखेपासून कालबाह्य ठरले.

अशा संगणकाला लिनक्स हा विनाशुल्क पर्याय उपलब्ध आहे. पत्रव्यवहार, हिशेब, इंटरनेट, चित्रपट, मुलांचा अभ्यास ही सारी कामे त्यावर होतात. तरीही अनेक घरांत हा विचार एकाच प्रश्नापाशी अडतो. 'आमचे गेम त्यावर चालतील का?' असे मुलगा किंवा मुलगी विचारते आणि चर्चा तेथेच संपते.

हा प्रश्न वरवर पोरकट वाटला, तरी त्याच्या मुळाशी मोठा व्यवहार आहे. कोणता संगणक घ्यायचा, त्यावर कोणती प्रणाली ठेवायची आणि पैसे मोजून घेतलेली वस्तू किती वर्षे वापरता येणार, हे निर्णय खेळांमुळे ग्राहकाच्या हातून निसटतात. त्यामुळेच खेळांनी मुक्त सॉफ्टवेअरवर आधारित प्रणालींना आधार द्यावा, ही मागणी केवळ काही हौशी मंडळींची उरलेली नाही.

मुक्त म्हणजे फुकट नव्हे

'मुक्त सॉफ्टवेअर' या शब्दाने अनेकदा गैरसमज होतो. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हा त्यांचा रोख किमतीवर नव्हता, अधिकारांवर होता. आज्ञावली हव्या त्या कामासाठी वापरण्याचा, तिची मूळ रचना, म्हणजेच सोर्स कोड, पाहण्याचा व बदलण्याचा, तिच्या प्रती इतरांना देण्याचा आणि सुधारलेली आवृत्ती वाटण्याचा अधिकार वापरकर्त्याला असावा, ही त्यामागील भूमिका. १९८९ मध्ये आलेल्या 'जीपीएल' या परवान्याने तिला कायदेशीर चौकट दिली. १९९१ मध्ये फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरव्हाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला आणि पुढे तोही याच परवान्याखाली आला. या दोहोंच्या मिलाफातून आजच्या लिनक्स प्रणाली उभ्या राहिल्या.

आज अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्सचा गाभा आहे. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालते. इंटरनेटवरील सर्व्हरचा फार मोठा भार याच प्रणालीवर आहे. हवामानाचा अंदाज बांधणाऱ्या यंत्राला जी प्रणाली चालते, ती घरातील टेबलावरच्या संगणकाला चालू नये, याचे तांत्रिक कारण नाही. कारण आहे ते सवयीचे, संगणकासोबत आयत्या मिळणाऱ्या प्रणालीचे आणि बऱ्याच अंशी खेळांचे.

कोंडी कशी तयार झाली?

संगणकीय खेळ पडद्यावर दर सेकंदाला अनेक चित्रे उमटवितो. त्यासाठी त्याला ग्राफिक्स कार्डाशी बोलावे लागते. बाजारात कार्डे अनेक प्रकारची. प्रत्येकाशी वेगळ्या भाषेत बोलणे खेळाच्या निर्मात्याला परवडत नाही. म्हणून मध्ये एक सामाईक बोली ठरवून घेतली जाते. निर्माता त्या बोलीत सूचना लिहितो आणि कार्डाचा उत्पादक त्या आपल्या यंत्राला समजतील अशी व्यवस्था करतो.

अशी एक बोली, 'ओपनजीएल', सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीच्या पुढाकाराने १९९२ मध्ये आली. ती कोणत्याही एका ऑपरेटिंग सिस्टीमपुरती नव्हती. १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'डायरेक्टएक्स' आणले. जुन्या 'डॉस'वर रमलेल्या खेळांच्या निर्मात्यांना विंडोजकडे वळविणे, हा त्याचा उघड हेतू होता आणि तो पुरेपूर साध्य झाला. चित्र, ध्वनी, जॉयस्टिक या साऱ्यांची सोय एकाच ठिकाणी मिळाल्याने निर्मात्यांचे श्रम वाचले. मात्र ही बोली फक्त मायक्रोसॉफ्टच्या घरात चालणारी होती. तिच्यात लिहिलेला खेळ दुसऱ्या प्रणालीवर न्यायचा, तर त्याचा मोठा भाग नव्याने लिहावा लागे.

त्यातून दुष्टचक्र सुरू झाले. लिनक्सवर खेळ नाहीत म्हणून खेळणारे नाहीत, आणि खेळणारे नाहीत म्हणून खेळ नाहीत. या चक्रात कोणाही एका निर्मात्याचा निर्णय चुकीचा नव्हता. ज्याच्या त्याच्या हिशेबाने तो बरोबरच होता. परंतु या सर्व योग्य निर्णयांची बेरीज अशी झाली, की एक संपूर्ण उद्योग एका कंपनीच्या मर्जीवर विसंबून राहिला.

'लोकी'चा धडा

हे चक्र भेदण्याचा पहिला गंभीर प्रयत्न अमेरिकेतील 'लोकी सॉफ्टवेअर' या कंपनीने केला. १९९८ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी विंडोजवर गाजलेल्या खेळांची लिनक्स आवृत्ती तयार करून विकत असे. १९९९ मध्ये तिने 'सिव्हिलायझेशन : कॉल टू पॉवर' बाजारात आणला, त्यानंतर 'रेलरोड टायकून २', 'सिमसिटी ३०००' अशा नामवंत खेळांची भर पडली. परंतु लिनक्सची आवृत्ती येईपर्यंत बहुतेक उत्सुक खेळाडूंनी विंडोजची आवृत्ती घेतलेली असे. एकाच खेळासाठी दोनदा पैसे मोजणारे ग्राहक थोडे होते. ऑगस्ट २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि जानेवारी २००२ मध्ये तिला टाळे लागले.

तथापि कंपनी बुडाली, तरी तिच्या काळात घडलेली साधने उरली. 'लोकी'त काम करणाऱ्या सॅम लँटिंगा यांनी १९९८ मध्ये सुरू केलेले 'एसडीएल' हे मुक्त साधन आज असंख्य खेळांत वापरले जाते. पडद्यावर खिडकी उघडणे, कळफलक व जॉयस्टिकच्या सूचना घेणे, आवाज काढणे ही कामे ते कोणत्याही प्रणालीवर सारख्याच रीतीने करून देते. ध्वनीसाठीचे 'ओपनएएल' हे साधनही 'लोकी'चीच देणगी. बंदिस्त साधने मालकाबरोबर बुडतात. मुक्त साधने मालक बुडाला तरी दुसऱ्याच्या कामी येतात. 'लोकी'च्या अपयशात दडलेला हा धडा पुढे फार उपयोगी पडला.

धास्तीतून उघडलेले दार

पुढची मोठी हालचाल झाली ती तत्त्वापेक्षा धास्तीपोटी. व्हॉल्व्ह ही अमेरिकी कंपनी २००३ पासून 'स्टीम' हे खेळविक्रीचे ऑनलाइन दुकान चालविते. २०१२ मध्ये 'विंडोज ८' येऊ घातली होती आणि तिच्यात मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे दुकान असणार होते. प्रणालीचा मालकच दुकानदार झाला, तर इतर दुकानांचे भवितव्य काय, ही शंका रास्त होती. व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूवेल यांनी जुलै २०१२ मध्ये 'विंडोज ८' ही संगणकक्षेत्रातील सर्वांसाठीच आपत्ती असल्याचे जाहीरपणे म्हटले आणि लिनक्सकडे आपण संभाव्य धोक्यावरील तरतूद म्हणून पाहतो, हेही स्पष्ट केले.

त्याच वर्षी व्हॉल्व्हने आपला 'लेफ्ट फॉर डेड २' हा खेळ लिनक्सवर आणण्याचे प्रयोग केले. पहिल्या प्रयत्नात खेळ अडखळत होता. दुरुस्त्यांनंतर मात्र त्याच यंत्रावर लिनक्समध्ये सेकंदाला ३१५ चित्रे उमटू लागली. विंडोजमध्ये ती सुमारे २७० होती. लिनक्सवर खेळ मंद चालतात, या समजुतीला हा पहिला तडा होता. फेब्रुवारी २०१३ मध्ये लिनक्ससाठीचे 'स्टीम' अधिकृतपणे खुले झाले.

पुढचे पाऊल मात्र फसले. नोव्हेंबर २०१५ मध्ये विविध उत्पादकांच्या सहकार्याने 'स्टीम मशिन' नावाचे, लिनक्सवर चालणारे संगणक विक्रीस आले. पण त्यांवर चालतील असे खेळच पुरेसे नव्हते. प्रत्येक निर्मात्याने लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती काढावी, ही अपेक्षा अवास्तव होती.

तेव्हा व्हॉल्व्हने उलट दिशेने विचार केला. खेळ बदलत नसेल, तर मध्ये दुभाषा बसवावा. 'वाइन' नावाचा एक मुक्त प्रकल्प १९९३ पासून याच कामात गुंतला होता. विंडोजसाठी लिहिलेली आज्ञावली 'अमुक फाइल उघड, तमुक खिडकी दाखव' अशा मागण्या विंडोजकडे करते. 'वाइन' त्या मागण्या स्वतः स्वीकारून लिनक्सकडून पुऱ्या करून घेतो. चित्रांसाठी 'डीएक्सव्हीके' हे साधन फिलिप रेबोले या विकसकाने घडविले. ते डायरेक्टएक्समधील चित्रविषयक सूचना 'व्हल्कन' या, २०१६ मध्ये आलेल्या खुल्या बोलीत उतरविते. या साऱ्यांची मोट बांधून ऑगस्ट २०१८ मध्ये व्हॉल्व्हने 'प्रोटॉन' आणले. विंडोजचा खेळ लिनक्सवर निवडून 'इन्स्टॉल'ची कळ दाबली, की हा दुभाषा पडद्याआडून कामाला लागतो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेला 'स्टीम डेक' हा हातात धरून खेळण्याचा संगणक याच पायावर उभा आहे. तो विकत घेणाऱ्या अनेकांना आपण लिनक्स वापरत आहोत, याची जाणीवही नसते. त्याच सुमारास 'एल्डन रिंग' हा गाजलेला खेळ प्रसिद्ध झाला. विंडोजवर तो मध्येच अडखळतो, अशा तक्रारी आल्या. व्हॉल्व्हच्या अभियंत्यांनी दुभाष्याच्या पातळीवरच सुधारणा केली आणि 'स्टीम डेक'वर हा खेळ अधिक सुरळीत चालू लागला. खेळाच्या निर्मात्याला काहीही करावे लागले नाही. मधली यंत्रणा खुली असल्याने ती दुरुस्त करण्यास कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. मुक्त प्रणालीचा व्यावहारिक लाभ समजावून सांगण्यास याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

निर्मात्यांचा हिशेब

'लिनक्सवर ग्राहक किती?' हा निर्मात्यांचा नेहमीचा आक्षेप. तो गैरवाजवी नाही. 'स्टीम'च्या मासिक पाहणीत लिनक्सचा वाटा अनेक वर्षे एक टक्क्याच्या आसपास घुटमळत होता. 'स्टीम डेक'नंतर तो वाढत गेला आणि २०२५ च्या अखेरीस त्याने तीन टक्क्यांचा टप्पा ओलांडला. टक्केवारी लहान असली, तरी दुकान मोठे आहे. २०२१ मध्येच 'स्टीम'वर दरमहा १३ कोटींहून अधिक सक्रिय खेळाडू होते. त्या हिशेबाने तीन टक्के म्हणजे सुमारे चाळीस लाख ग्राहक होतात.

हे ग्राहक पैसे मोजत नाहीत, हा समजही टिकत नाही. मे २०१० मध्ये 'हम्बल इंडी बंडल' या उपक्रमात स्वतंत्र निर्मात्यांचे काही खेळ एकत्र ठेवण्यात आले आणि किंमत ग्राहकाने ठरवावी, असे सांगण्यात आले. एकूण दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम जमा झाली. त्यात लिनक्सच्या ग्राहकांनी दिलेली सरासरी रक्कम विंडोजच्या ग्राहकांच्या दुपटीच्या आसपास होती. मुक्त सॉफ्टवेअर वापरणारा फुकट्या असतो, हा समज ग्राहकांनी स्वतःच्या खिशातून खोडून काढला.

दुसरा आक्षेप तक्रारींचा. 'प्लॅनेटरी अ‍ॅनिहिलेशन' या खेळाच्या एका माजी विकसकाने २०१९ मध्ये सांगितले, की लिनक्सची विक्री नगण्य असूनही आपोआप नोंदल्या गेलेल्या बिघाडांत व मदतीच्या मागण्यांत त्यांचा वाटा २० टक्क्यांहून अधिक होता. त्यांतील बहुतेक अडचणी ग्राफिक्सच्या चालक-आज्ञावलींच्या होत्या. लहान कंपनीला असा भार झेपत नाही, हे मान्य करावे लागेल.

परंतु २०२१ मध्ये 'डेल्टा-व्ही : रिंग्ज ऑफ सॅटर्न' या खेळाच्या निर्मात्याने मांडलेला हिशेब वेगळेच चित्र दाखवितो. त्याच्या ग्राहकांत लिनक्सचे लोक ५.८ टक्के होते आणि दोषांच्या नोंदींत त्यांचा वाटा ३८ टक्के. हे आकडे ऐकताच लिनक्स म्हणजे डोकेदुखी, असा निष्कर्ष कोणीही काढील. मात्र त्या सुमारे ४०० नोंदींपैकी केवळ तीन दोष लिनक्सपुरते होते. उरलेले दोष सर्वच प्रणालींवर होते; लिनक्सच्या ग्राहकांनी ते शोधून, नीट लिहून कळविले होते. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात दोष कळविणे हा वापरकर्त्याच्या सवयीचा भाग असतो. दोषांचा असा शोध घेणारी माणसे एरवी पगार देऊन नेमावी लागतात.

विकत घेतलेला खेळ टिकणार किती?

ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत मोठा प्रश्न टिकाऊपणाचा आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये अ‍ॅपलने 'कॅटालिना' ही प्रणाली आणली आणि ३२ बिटच्या आज्ञावलींचा आधार काढून टाकला. लोकांनी रीतसर विकत घेतलेले अनेक जुने खेळ त्या दिवसापासून नव्या प्रणालीवर उघडेनासे झाले. अमेरिकेतील 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन'ने २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासानुसार, २०१० पूर्वी त्या देशात प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आता बाजारात मिळत नाहीत. दहापैकी जेमतेम एखादे पुस्तक दुकानात मिळावे, असा हा प्रकार आहे.

३१ मार्च २०२४ रोजी युबीसॉफ्टने 'द क्रू' या २०१४ मधील खेळाचे सर्व्हर बंद केले आणि तो एकट्यानेही खेळणे अशक्य झाले. यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली. आधार थांबविताना खेळ खेळण्याजोग्या अवस्थेत ठेवावेत, या मागणीच्या युरोपीय नागरिक याचिकेवर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या.

याच्या अगदी उलट उदाहरण 'डूम'चे. डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या या खेळाची मूळ आज्ञावली आयडी सॉफ्टवेअरने डिसेंबर १९९७ मध्ये प्रसिद्ध केली आणि १९९९ मध्ये ती 'जीपीएल' परवान्याखाली आणली. कंपनीने चित्रे, नकाशे व ध्वनी यांवरचा हक्क सोडला नाही. मूळ खेळ विकण्याचा मार्ग तिला मोकळाच राहिला. केवळ यंत्रणा खुली झाली. परिणामी तीस वर्षांनंतरही 'डूम' कोणत्याही नव्या प्रणालीवर चालविता येतो. 'क्वेक'ची आज्ञावली १९९९ मध्ये, 'क्वेक ३'ची २००५ मध्ये आणि 'डूम ३'ची २०११ मध्ये याच मार्गाने गेली. खेळाचा आर्थिक बहर ओसरल्यावर त्याची यंत्रणा खुली करणे निर्मात्याला फारसे महाग पडत नाही, हे यातून दिसते. ज्या खेळांच्या बाबतीत हे झाले नाही, त्यांतील कित्येकांना आज 'वाइन'सारख्या मुक्त दुभाष्यानेच जीवदान दिले आहे. विंडोजवर न चालणारे काही जुने विंडोज खेळ लिनक्सवर चालतात, ही विसंगती याचीच साक्ष देते.

लबाडीचा अडसर

या वाटेवरील आजचा सर्वांत मोठा अडथळा अनेक खेळाडू एकाच वेळी खेळतात अशा ऑनलाइन खेळांचा आहे. त्यांत लबाडी करणारे असतात आणि त्यांना पकडण्यासाठी लबाडीविरोधी यंत्रणा बसविलेल्या असतात. 'ईझी अँटी-चीट' आणि 'बॅटलआय' या दोन प्रमुख यंत्रणांनी सप्टेंबर २०२१ मध्ये 'प्रोटॉन'ला आधार जाहीर केला. पण तो चालू करायचा की नाही, हे प्रत्येक खेळाच्या निर्मात्यावर सोडले. अनेकांनी तो चालू केला नाही. 'व्हॅलोरंट'साठी वापरली जाणारी 'व्हॅनगार्ड' ही यंत्रणा विंडोजच्या थेट गाभ्यात बसते. मे २०२४ मध्ये ती 'लीग ऑफ लिजेंड्स'मध्येही आली आणि लिनक्सवर तो खेळणाऱ्यांचा मार्ग बंद झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'एपेक्स लिजेंड्स'ने लिनक्सला दिलेला प्रवेश काढून घेतला. लिनक्सच्या मोकळेपणाचा फायदा लबाड घेतात, असे कारण देण्यात आले.

या कारणात तथ्य नाही, असे म्हणता येणार नाही. जेथे वापरकर्त्याला प्रणालीचा गाभा बदलण्याचा अधिकार आहे, तेथे लबाडी लपविणे तुलनेने सोपे जाते. परंतु गाभ्यात परकी आज्ञावली बसविण्याची किंमतही लक्षात घ्यायला हवी. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्यतनामुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले आणि विमानतळांपासून रुग्णालयांपर्यंत कामे ठप्प झाली. ती आज्ञावलीही गाभ्यातच बसलेली होती. शिवाय गाभ्यातील पहाऱ्याने विंडोजवरील लबाडी संपलेली नाही. खेळाडूच्या संगणकावर विसंबण्याऐवजी संशयास्पद हालचाली सर्व्हरवर तपासणे, हा दुसरा मार्ग आहे. व्हॉल्व्हचे 'काउंटर-स्ट्राइक २' आणि 'डोटा २' हे प्रचंड लोकप्रिय खेळ लिनक्सवर थेट चालतात. तेथेही लबाडीच्या तक्रारी आहेतच. पण लिनक्सला दार बंद करणे हा त्यावरील उपाय मानला गेलेला नाही.

साधनांचे स्वातंत्र्य

एकाच मालकावर विसंबण्याचा धोका निर्मात्यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये प्रत्यक्ष अनुभवला. 'युनिटी' या, खेळ तयार करण्याच्या लोकप्रिय साधनाच्या मालक कंपनीने ठरावीक मर्यादेनंतर प्रत्येक 'इन्स्टॉल'मागे शुल्क आकारण्याची घोषणा केली. वर्षानुवर्षे खपून अर्धवट तयार केलेल्या खेळांचा हिशेब एका रात्रीत कोलमडला. जगभरातून निषेध झाल्यावर कंपनीने काही प्रमाणात माघार घेतली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये हे शुल्क रद्द केले. पण विश्वासाला तडा गेला तो गेलाच. अनेक निर्माते 'गोडो' या मुक्त साधनाकडे वळले. अर्जेंटिनातील दोघांनी घडविलेले आणि २०१४ मध्ये मुक्त परवान्याखाली खुले केलेले हे साधन वापरण्यास शुल्क नाही आणि त्याच्या अटी कोणी एकतर्फी बदलू शकत नाही. त्यातून तयार होणारा खेळ विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींसाठी बाहेर काढता येतो.

महाराष्ट्रातील तरुण निर्मात्यांनाही हा विचार लागू पडतो. पुण्यातील 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या चमूने २०२० मध्ये 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा खेळ जगभर नेला आणि भारतीय कथा व शिल्पकलेवरचा खेळ परदेशी ग्राहकालाही भावतो, हे दाखवून दिले. अशा चमूंना भांडवलाची चणचण असते. साधनांचे परवाने, दुकानांचे कमिशन आणि प्रणालीच्या मालकांच्या अटी यांपैकी जेवढ्या गोष्टी त्यांच्या स्वतःच्या हाती राहतील, तेवढा त्यांचा जीव सुरक्षित. भारत सरकारने २०१५ मध्ये शासकीय कामकाजात मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले. आयआयटी मुंबईचा 'फॉसी' प्रकल्प शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करतो. महाविद्यालयात लिनक्सवर शिकलेल्या विद्यार्थ्याला घरी खेळासाठी पुन्हा विंडोजकडे वळावे लागणे, ही या प्रयत्नांतील राहून गेलेली फट आहे.

आधार म्हणजे नेमके काय?

खेळांनी मुक्त प्रणालींना आधार द्यावा, याचा अर्थ प्रत्येक खेळ फुकट वाटावा किंवा प्रत्येकाने लिनक्ससाठी वेगळा चमू नेमावा, असा नव्हे. मागणी बरीच माफक आहे. चित्र व ध्वनीसाठी 'व्हल्कन' आणि 'एसडीएल'सारखी खुली साधने निवडावीत. वेगळी आवृत्ती काढणे शक्य नसेल, तर निदान 'प्रोटॉन'वर खेळ तपासून घ्यावा. लबाडीविरोधी यंत्रणेत लिनक्सची सोय उपलब्ध असेल, तर ती चालू ठेवावी. आणि खेळाचे व्यावसायिक आयुष्य संपल्यावर 'डूम'प्रमाणे त्याची यंत्रणा खुली करावी.

यात मुक्त प्रणालींच्या बाजूच्या उणिवाही दडवून चालणार नाही. लिनक्सचे अनेक प्रकार आणि वारंवार बदलणारे घटक यांमुळे दहा वर्षांपूर्वी लिनक्ससाठी काढलेल्या काही खेळांना आज चालण्यास अडचण येते. अनेकदा त्याच खेळाची विंडोज आवृत्ती 'प्रोटॉन'मधून अधिक बरी चालते. शिवाय ज्या 'स्टीम'मुळे हे सारे घडले, ते दुकान स्वतः मुक्त सॉफ्टवेअर नाही. एका मालकाच्या जागी दुसरा मालक बसविणे हा उपाय ठरू शकत नाही. फरक इतकाच, की 'वाइन', 'डीएक्सव्हीके', 'व्हल्कन', 'एसडीएल' ही खालची बांधणी खुली आहे. उद्या व्हॉल्व्हने धोरण बदलले, तरी ती इतरांच्या हाती शिल्लक राहील, जशी 'लोकी' बुडाल्यावर 'एसडीएल' राहिली. २०२५ मध्ये लेनोव्होने आपल्या 'लिजन गो एस' या यंत्रावर व्हॉल्व्हची लिनक्स प्रणाली बसवून आणली; या वाटेवर दुसरे उत्पादकही येऊ लागल्याचे ते चिन्ह आहे.

'विंडोज १०'च्या निमित्ताने घराघरांत उभा राहिलेला प्रश्न यापुढेही उभा राहणार आहे. कारण प्रत्येक प्रणालीचा आधार केव्हा ना केव्हा थांबतो. तो दिवस कधी उगवावा, हे बंदिस्त प्रणालीत मालक ठरवितो. मुक्त प्रणालीत वापरणाऱ्यांना ती पुढे चालविता येते. आज 'आमचे गेम त्यावर चालतील का?' या प्रश्नाला 'बहुतेक चालतील, काही ऑनलाइन खेळ वगळता' असे उत्तर प्रामाणिकपणे देता येते. दहा वर्षांपूर्वी ते देता येत नव्हते. उरलेले अंतर कापणे हे आता तंत्रज्ञांपेक्षा निर्मात्यांच्या इच्छेवर अधिक अवलंबून आहे, आणि ती इच्छा जागविण्यासाठी खेळ विकत घेताना 'लिनक्सवर चालतो का?' एवढे विचारणे कोणत्याही ग्राहकाच्या हाती आहे.